बुटातली राणी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कॅरमची राणी हरवली. माझा मुलगा आणि भावाची मुलगी, दोघांनी मिळून पंचवटीतलं माझं माहेर उलथंपालथं केलं. दिवाण सरकवला, गाद्या झटकल्या, फराळाच्या डब्यांतही डोकावून झालं. शेवटी बाटलीच्या झाकणाला वहिनीचं लाल नेलपॉलिश फासून ते राणी म्हणून बसवलं आणि डाव पुढे सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई फरशी पुसायला बसली, तर दारापासून खुर्चीपर्यंत पुसट तांबडे ठिपके. एक पाऊल सोडून एक. पोरांनी रांगोळी सांडली म्हणून ती आधी पोरांवर ओरडली. मग ठिपक्यांचा माग काढत अण्णांच्या खुर्चीपाशी पोचली. अण्णा नुकतेच गंगेवरून फिरून आले होते (गोदावरीला नाशकात गोदावरी फक्त पाहुणे म्हणतात) आणि पेपर वाचत बसले होते. त्यांचा उजवा पाय उचलून पाहिला, तर चवड्याला, अंगठ्याच्या मागे, फोड येऊन फुटलेला. इतका वाटोळा की जणू कंपासने काढलाय. मी दारातला बूट आणून उपडा केला. राणी टप्पकन फरशीवर पडली आणि गडगडत दिवाणाखाली गेली.

कॅरमचा पट ज्या स्टुलावर असतो, त्याच्याच खाली चपलांचा रॅक. कुणाचा तरी नेम चुकला असणार. अण्णा दोन दिवस, दोन्ही वेळा, तिच्यावर उभे राहून रामकुंडापासून पार पुढच्या पुलापर्यंत जाऊन आले होते.

"अण्णा, दुखलं नाही तुम्हाला?"

"काय दुखायचंय?" ते म्हणाले, आणि खरंच त्यांना काही कळत नव्हतं.

आता हे कुणाच्या पायाबद्दल चाललंय ते सांगायला हवं. अण्णांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. कसारा घाट रात्री-बेरात्री, धुक्यात, धो धो पावसात. आम्ही लहान असताना ते सांगायचे, गाडीचा ब्रेक कानाला नाही, तळव्याला बोलतो. लायनर झिजलं, हवा कमी पडली, ड्रम तापला, सगळं म्हणे पेडलवरून तळव्याला आधी कळतं, काट्यावर नंतर दिसतं. डेपोतले मेकॅनिक त्यांची थट्टा करायचे, पण गाडी उघडली की बहुतेक वेळा अण्णांचंच खरं निघायचं. असा तो पाय. आणि त्याला आता कॅरमची अख्खी सोंगटी कळेना.

साखर त्यांना पंधरा-सोळा वर्षांपासून आहे. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, लग्नाकार्यात मात्र जिलेबी "एकच" म्हणून तीन. म्हणजे चारचौघांसारखंच. भारतात आज मधुमेहाचे दहा कोटींहून जास्त लोक आहेत, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली आलेल्या पाहणीत म्हटलंय. त्यातल्या बहुतेकांचं असंच चालत असणार. महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं, आकडा बरा आला की पेढा नाही तर नाही, निदान समाधान. पायाकडे कोण बघतं?

खुणा मिळत होत्या. मागे वळून पाहिलं की एकेक आठवते आणि स्वतःचाच राग येतो. दोनेक वर्षांपूर्वी अण्णांच्या पायांना रात्री मुंग्या यायच्या, आग व्हायची. आई खोबरेल तेल चोळून द्यायची. मग हळूहळू मुंग्या थांबल्या. आम्हाला वाटलं, बरं झालं. आईने तर देवीला नारळ फोडला. त्या मुंग्या म्हणजे कुरकुरणाऱ्या नसा होत्या आणि त्यांची कुरकुर थांबली ती नसा बऱ्या झाल्या म्हणून नव्हे, बोलायच्याच बंद झाल्या म्हणून. हे आम्हाला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत गेलेल्या असतात, म्हणून साखरेचा मार आधी तिथे बसतो आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा बोटांकडून वर चढत जातो.

दुसरी खूण आणखी ठळक होती. एका बुधवारी बाजारातून अण्णा दोन पिशव्या भाजी घेऊन आले, एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा. चप्पल घाटावर कुठेतरी निसटली होती आणि त्यांना दारात आल्यावर, तेही आईने विचारल्यावर कळलं. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. भावाने तर ती गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या नातेवाइकांना सांगितली. पायातली चप्पल निसटून गेलेली न कळणं, हे बधिर पायाचं एक नेहमीचं लक्षण आहे. आम्ही त्याचा विनोद करून टाकला.

फोडाचं पुढे काय झालं ते लवकर उरकते, कारण त्यात आमची शोभा नाही. जवळच्या एका दवाखान्यात तीन आठवडे एक दिवसाआड मलमपट्टी झाली. गोळ्या दिल्या, पट्टी बदलली, "कोरडं ठेवा" म्हणून सांगितलं. चालू नका, असं कुणी म्हटलं नाही आणि अण्णांना दुखत नव्हतं, त्यामुळे ते चालत राहिले. पट्टी बांधून गंगेवर जायचे. एक रुपयाच्या नाण्याएवढी जखम तीन आठवड्यांत खोल गेली आणि कडेला पांढरट, टणक घट्टा धरला. मग माझ्या शाळेतल्या एका बाईंनी ज्यांचं नाव सुचवलं, त्या डॉक्टरांकडे गेलो.

तिथला पहिला अर्धा तास मी विसरणार नाही. डॉक्टरांनी जखमेला हातसुद्धा लावला नाही. एका काडीला जोडलेला नायलॉनचा तंगूसासारखा धागा काढला. तो दहा ग्रॅम इतकाच जोर लावला की वाकतो, त्यापेक्षा जास्त टोचूच शकत नाही. अण्णांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्यावर वेगवेगळ्या जागी तो टेकवायला लागले.

"लागलं की हो म्हणा."

अण्णा म्हणाले, "हो." धागा तेव्हा डॉक्टरांच्या हातात, पायापासून वीतभर लांब होता. धागा अंगठ्याखाली टेकला, वाकला, उचलला. अण्णा गप्प. दोन क्षणांनी पुन्हा, "हो." मला आधी कळेचना काय चाललंय. मग लक्षात आलं, ते अंदाज लावत होते. माणूस मोठ्या आशेने विचारतोय तर नाही कसं म्हणायचं, अशा थाटात. माझे वडील डोळे मिटून, शहाण्या मुलासारखे चुकीची उत्तरं देत होते आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

नंतर कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून झाला, घोट्यामागची आणि पायाच्या वरच्या बाजूची नाडी बोटांनी चाचपून झाली. नाडी चांगली लागत होती. रक्त पोचतंय, म्हणजे जखम भरेल, असं ते म्हणाले. (अण्णांनी आयुष्यात विडी ओढली नाही, ड्रायव्हरच्या धंद्यात हे आश्चर्यच. ते पुण्य इथे कामाला आलं.) मग त्यांनी पायाला गुडघ्याखाली प्लास्टर घालायचं ठरवलं.

"हाड कुठे मोडलंय?" आईने विचारलं.

हाड मोडलेलं नव्हतं. जखम भरत नव्हती ती औषध कमी पडतंय म्हणून नव्हे, तर दर पावलाला सगळं वजन त्याच नाण्याएवढ्या जागेवर पडत होतं म्हणून. पायाला घट्ट, अंगाबरोबर बसणारं प्लास्टर घातलं की वजन सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं जातं. "तुम्हाआम्हाला खडा टोचला की आपण लंगडतो," डॉक्टर म्हणाले. "लंगडणं हाच उपचार असतो. यांना लंगडता येत नाही, म्हणून हे प्लास्टर." प्लास्टर दर आठवड्याला काढून, जखम बघून, घट्टा तासून, नवीन घातलं जायचं. नऊ आठवड्यांत जखम भरली. भरलेली अशी जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास असतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. म्हणजे खरं काम प्लास्टर निघाल्यावर सुरू होणार होतं.

ते काम म्हणजे चपला.

अण्णांना आयुष्यभर आठ नंबर. रिटायर झाल्यावर मेन रोडवरून घेतलेल्या कोल्हापुरी, तेल पाजून मऊ केलेल्या, त्यांचा जीव की प्राण. कोल्हापुरीत काय काय चुकतं याची यादी मी आता झोपेतही म्हणेन. अंगठ्यात कातड्याचा कडक गोल, मागे पट्टा नाही, त्यामुळे चप्पल पायात धरून ठेवायला बोटं सतत आकसलेली, तळ पाटासारखा. रबरी स्लीपरचं दुखणं वेगळं, तिचा पट्टा अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात घासतो आणि पावसाळ्यात चिखल्या झालेल्या असल्या की तिथेच कातडी फाटते. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: पुढे रुंद, मागे पट्टा, वेलक्रोचे बंद, आत मऊ, खाली कडक, आणि कुठेही खिळा नको.

बूट-चपला घ्यायला संध्याकाळी जायचं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. आम्ही आदल्या दिवशी अण्णांना कागदावर उभं करून दोन्ही पायांच्या कडेने पेन्सिल फिरवली. कागद कापले. दुकानात तो कागदी पाय चपलेत घालून बघायचा, दुमडला की ती चप्पल नको. लांब बोटाच्या पुढे निदान एक सेंटिमीटर जागा हवी. आठ नंबरच्या प्रत्येक चपलेत कागद दुमडला. चाळीस वर्षं जो आकडा आपला म्हणून मिरवला, तो आता पायाचा राहिला नव्हता. नसा गेल्या की बोटं आखडतात, चवडा पसरतो, पायाचा घाटच बदलतो. अण्णांना नऊ रुंद लागला आणि हे त्यांना जखमेपेक्षा जास्त लागलं.

शेवटी सर्जिकलच्या दुकानात एमसीआरच्या, म्हणजे मायक्रोसेल्युलर नावाच्या मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला मिळाल्या. दुकानदाराने तळाचा तुकडा माझ्या हातात दिला. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबला की तो निम्मा व्हायला हवा आणि सोडला की परत फुगायला हवा, ही त्याची परीक्षा. त्याच्याखाली जाड कडक रबर, काटा-काच आत येऊ नये म्हणून. सगळं चिकटवलेलं आणि शिवलेलं. मला तो तुकडा फार आवडला, ताज्या ढोकळ्यासारखा. अण्णांनी मात्र हात मागे घेतला.

"ह्या चपला मला माहीत आहेत," ते म्हणाले. "ह्या त्या लोकांच्या."

त्यांच्या लहानपणी रामकुंडाच्या पायऱ्यांवर कुष्ठरोगी ओळीने बसलेले असत. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, शेजारी टिनचे डबे. नंतर कुणीतरी त्यांना काळ्या जाड तळाच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या चपला वाटल्या. घाटावरची पोरं त्या चपला लांबूनच ओळखायची आणि बाजूने पळायची. अण्णाही त्या पोरांत होते. सत्तर वर्षांनी दुकानाच्या काउंटरवर तीच चप्पल त्यांच्या नंबरात ठेवलेली होती.

त्यांची आठवण चुकीची नव्हती. हे पायताण खरोखरच तिकडूनच आलंय. डॉ. पॉल ब्रँड हे ब्रिटिश सर्जन १९४६ साली तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तोवर समज असा की महारोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड जखमांचा माग काढत गेले, तेव्हा त्यांना दिसलं की रोग मांस खात नाही, तो फक्त वेदना काढून घेतो. बाकीचं माणूस स्वतःच करून घेतो, कुलपाची अडकलेली किल्ली बोट सोलेपर्यंत पिळून, चुलीतून गरम भांडं हाताने उचलून, बुटातल्या खिळ्यावर चालून. काहींची बोटं रात्रीतून जखमी होत, ती उंदीर कुरतडत असल्याचं निघालं. तेव्हा रुग्णांना घरी जाताना मांजर द्यायला सुरुवात झाली. मऊ रबराच्या चपला त्याच शोधातून आल्या. मधुमेहाच्या पायाची कहाणी वेगळी नाही, फक्त नसा मारणारा दुसरा आहे.

हे सगळं मी अण्णांना दुकानात सांगितलं नाही, तितकं मला तेव्हा माहीतही नव्हतं. तेव्हा मी एवढंच म्हणाले की आता त्या चामड्याच्या रंगातही येतात. तपकिरी निवडल्या. घरी आल्यावर पहिल्या दिवशी फक्त एक तास, मग पाय बघायचा, कुठे लालसर वळ उठून तसाच राहिलाय का. दुसऱ्या दिवशी दोन तास. अण्णांनी हे बिनतक्रार केलं. नवीन गाडी आधी सावकाश चालवतात, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

घरातलं महाभारत पुढे झालं. डॉक्टरांचं म्हणणं, अनवाणी एक पाऊलही नको, घरातसुद्धा. आईचं म्हणणं, घरात चप्पल? स्वयंपाकघरात? देवघरासमोर? तिच्या घरात उंबऱ्याच्या आत पायताण आलेलं नाही, सासूबाईंच्या काळापासून नाही. मला ते जुनाट वगैरे वाटलं नाही, मीही त्याच घरात वाढले. चप्पल म्हणजे दारात काढायची गोष्ट. रागावलं की "जोडा हातात घेईन" म्हणायचं, नाही तर दृष्ट लागू नये म्हणून ट्रकला बांधायची. तिला एकदम देवासमोर कसं आणायचं?

पंधरा दिवस हे चाललं. मध्ये अण्णांच्या पायाला मिक्सरच्या फुटलेल्या झाकणाची कपची लागता लागता राहिली, तेव्हा आई स्वतःच बाजारात गेली आणि त्याच मऊ रबराची दुसरी जोडी घेऊन आली. ती कधीच उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. आणल्या दिवशी तिने तिच्यावर पाणी शिंपडलं. कशासाठी, मी विचारलं नाही. देवघरापुढे जाड सतरंजी घातली आहे, तिथे अण्णा खुर्चीवर बसून घरातल्या चपला काढतात, पाय सतरंजीवर ठेवतात आणि बसूनच नमस्कार करतात.

बाकी घरगुती उपाय मात्र मी मोडून काढले. टाचेच्या भेगांवर आजी बिब्बा घालायची, चटका बसला की भेग मिटते म्हणून. ज्या पायाला चटका कळतच नाही त्याला बिब्बा म्हणजे आगीचा खेळ. कुरूप काढायच्या मेडिकलमधल्या पट्ट्या, त्याही बंद, त्यातलं अ‍ॅसिड चांगली कातडीही खातं. ब्लेड तर नाहीच. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. थंडीत नाशिक गारठलं की अण्णा बादलीत कढत पाणी घेऊन पाय सोडून बसायचे, ते सुख गेलं. आता कोमट पाणी, आणि ते आईच्या कोपराने तपासलेलं. आमसुलाचं तेल तेवढं राहिलं. ते टाचांना रोज लावतो, फक्त बोटांच्या बेचक्यात नाही, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

रोज पाय बघायचं काम सुरुवातीला माझ्याकडे आणि वहिनीकडे होतं. आयुष्यभर या पायांना वाकून नमस्कार केला, पण तळवा मी कधी पाहिला नव्हता. कोण पाहतं? मुलीने पाय मांडीवर घेतला की अण्णा आक्रसून जायचे, "राहू दे, राहू दे" करायचे. मग एके दिवशी त्यांनी दाढीचा आरसा जमिनीवर ठेवला, भिंतीला टेकवून थोडा तिरपा केला आणि पाय त्याच्यावर धरला. "हे जमतंय," म्हणाले. "साइडचा आरसा असतो तसा. मागून कोण येतंय ते दिसलं म्हणजे झालं." तेव्हापासून रात्री बातम्या संपल्या की आरसा निघतो. सकाळी बूट घालण्याआधी ते बूट उपडा करून दोनदा आपटतात, मग आत हात घालून बोटांनी शेवटपर्यंत चाचपतात. आजवर एक सेफ्टी पिन, लसणाची पाकळी आणि एकदा जिवंत झुरळ सापडलंय. मोजे पांढरे घेतो, काही वाहिलं तर डाग लगेच दिसावा म्हणून.

देवळांचा प्रश्न उरला. नाशकात राहून देवळाबाहेर किती दिवस राहणार? उन्हात तापलेल्या दगडी फरशीवर तळवे भाजून फोड आलेले लोक दवाखान्यात मी स्वतः पाहिले आहेत. म्हणून काळारामाला आता पहाटे, जाड मोजे घालून. चपला बाहेर ठेवायला अण्णा तयार नसतात, कापडी पिशवीत घालून काखेत धरतात. एका शनिवारी आई म्हणाली, "शनिवारी देवळातून चप्पल गेली तर पीडा जाते म्हणतात."

"पीडा राहू दे," अण्णा म्हणाले. "अकराशे रुपयांची आहे."

अण्णा चैत्रात दरवर्षी वणीच्या गडावर चालत जायचे, अनवाणी, नवस कधी फिटला तेही विसरून. यंदा आईने देवीला काय सांगितलं कोण जाणे, पण दोघं एसटीने निघाले, वर ट्रॉलीने जायचं ठरवून. मी सोबत होते. दिंडोरीच्या पुढे रस्त्याच्या कडेने भगव्या झेंड्यांची माणसं चाललेली, कुणाच्या पायाला फडकी, कुणी नुसतेच, डांबर तापायला लागलेलं. अण्णा खिडकीतून प्रत्येकाच्या पायाकडे बघत होते, चेहऱ्याकडे नाही.

नांदुरीनंतर घाट लागला. ड्रायव्हर तरुण होता, वळणावर उशिरा ब्रेक मारत होता. पहिल्या वळणाला माझं लक्ष खाली गेलं. तपकिरी चपलेतला अण्णांचा उजवा पाय, तोच, सीटखालच्या पत्र्यावर घट्ट दाबला गेला होता. वळण संपलं, पाय सैल झाला. पुढच्या वळणाला ड्रायव्हरच्या आधी पुन्हा दाबला.

"अहो," आई म्हणाली, "गाडी तो चालवतोय."